लोगोवरच्या वर्षावर जाऊ नका: जर्मन क्लबचा इतिहास कसा शोधायचा

बायर्न आणि डॉर्टमुंडवर मराठीत लिहिणारे ढिगाने आहेत, पण जर्मनीतल्या मधल्या गावांच्या क्लबचा इतिहास शोधायला बसलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं, कारण एकाच क्लबची चार नावं निघतात, स्थापनेची दोन-तीन वर्षं निघतात, मधली बारा वर्षं कुणी गिळल्यासारखी गायब असतात, आणि वर "हा क्लब पूर्वी ओबरलिगात खेळायचा" असं वाचून आपण समजतो काहीतरी फालतू लेव्हल असेल आणि ती निघते त्या काळातली टॉपची लीग. तर हे सगळं कसं सोडवायचं ते सांगतो. उदाहरण म्हणून एसएसव्ही उल्म १८४६ हा क्लब धरून चालतो कारण या एका क्लबमध्ये जवळजवळ सगळे गुंते सापडतात, बाकी क्लब लागतील तसे मधे येतील.

उल्म कुठे तर डॅन्यूबच्या काठी, स्टुटगार्ट आणि म्युनिकच्या मधे, नदीच्या या बाजूला बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि पुलापलीकडे नॉय-उल्म म्हणजे बव्हेरिया. आइनस्टाइन इथला जन्मलेला. क्लबला लोक श्पात्झेन म्हणजे चिमण्या म्हणतात, शहराच्या एका जुन्या दंतकथेवरून, पण त्यात आत्ता शिरत नाही.

पहिलं काम, नाव सुटं करा

लोगोवर १८४६ लिहिलंय. आता विचार करा, फुटबॉलचे नियमच लंडनला १८६३ मध्ये ठरले आणि जर्मनीत पहिल्यांदा शाळेच्या पोरांना फुटबॉल खेळवला तो कोनराड कोख या मास्तरांनी ब्राउनश्वाइगमध्ये १८७४ साली. मग १८४६ मध्ये उल्मचे लोक काय खेळत होते? फुटबॉल तर नक्कीच नाही. ते वर्ष आहे टुर्नफेराइनचं, म्हणजे व्यायाम करणाऱ्यांच्या मंडळाचं, पॅरलल बार, घोडा, दोरी, उड्या असलं सगळं. आपल्याकडे कोल्हापुरात जसं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी फुटबॉल टीमची नावं आहेत, आधी तालीम आणि मग फुटबॉल, साधारण तसंच हे प्रकरण आहे आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

या टुर्नेन चळवळीची सुरुवात केली फ्रीडरिश लुडविश यानने, बर्लिनच्या हाझेनहाइडमध्ये १८११ ला पहिलं उघडं मैदान काढलं. तेव्हा नेपोलियनचं राज्य डोक्यावर होतं आणि पोरं तगडी करायची ती त्याच्याशी लढायला, त्यामुळे हा व्यायाम पहिल्यापासून राजकारणात बुडालेला. पुढे सरकारला वाटलं हे लोक आपल्यावरच उलटतील, म्हणून १८२० ला प्रशियाने बंदी घातली आणि ती उठली १८४२ ला. बंदी उठल्यावर मंडळांचं पेव फुटलं, आणि म्हणून तुम्हाला १८४६, १८४८ असली वर्षं इतक्या क्लबच्या नावात दिसतात, हा योगायोग नाही. १८४८ च्या क्रांतीत हे व्यायामवाले पुढे होते, मग क्रांती फसल्यावर परत बंद्या आल्या. म्युनिकच्या टीएसव्ही १८६० या क्लबचं वर्ष त्याच रांगेतलं, त्याआधी १८४८ ला तिथे एक मंडळ निघालं होतं पण ते बंद पाडलं, नव्याने १८६० ला उभं केलं आणि फुटबॉल विभाग आला तो थेट १८९९ ला.

तर नाव बघितलं की अक्षरं वेगळी काढायची. टीव्ही, टीएसव्ही, टीएसजी यातला टी म्हणजे टुर्नेन, मूळ व्यायाममंडळाचं. व्हीएफएल, व्हीएफबी, व्हीएफआर ही सगळी अमुकतमुक खेळांसाठीचं मंडळ या थाटाची. एसपीव्हीजीजी म्हणजे श्पीलफेराइनिगुंग, खेळांचं संयुक्त मंडळ, हे दिसलं की बऱ्याचदा मागे कुठेतरी मर्जर असतं. बीएसजी म्हणजे कारखान्याशी जोडलेला, पूर्व जर्मनीचा, त्यावर पुढे येतोच. उल्मच्या एसएसव्हीमधला पहिला एस तर चक्क श्विम म्हणजे पोहण्याचा आहे, स्विमिंग आणि स्पोर्ट्स क्लब, आणि फुटबॉलवाले आजही तेच नाव छातीवर घेऊन खेळतात.

मग फुटबॉल नेमका कधी आला ते वेगळं शोधा

सगळ्यात जास्त लोक इथे आपटतात. क्लबचं वर्ष आणि फुटबॉल विभागाचं वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत दोन वेगळे कॉलम करा. होफेनहाइम बघा, टीएसजी १८९९, आणि १८९९ हे व्यायाममंडळाचं वर्ष, गावातला फुटबॉल क्लब निघाला १९२० च्या सुमारास आणि दोन्ही एकत्र झाले १९४५ ला. तरी कॉमेंट्रीत "शंभर वर्षांहून जुना फुटबॉल क्लब" म्हणतात, म्हणू द्या.

दोघांचं पटायचं पण नाही बरं का. व्यायामवाल्यांना फुटबॉल म्हणजे इंग्रजांकडून आलेला रोग वाटायचा, स्टुटगार्टच्या कार्ल प्लांक नावाच्या व्यायामशिक्षकाने १८९८ ला फुटबॉलची टर उडवणारी पुस्तिकाच काढली, त्यात लाथ मारणारा माणूस माकडासारखा दिसतो वगैरे. भांडण टोकाला गेलं ते १९२३-२४ मध्ये, व्यायामवाल्यांच्या केंद्रीय संघटनेने सांगितलं की एकतर आमच्यात राहा नाहीतर फुटबॉल संघटनेत जा, दोन्ही चालणार नाही. मग देशभर क्लब फुटले. शाल्के हा त्यातलाच, फुटबॉलवाले १८७७ च्या व्यायाममंडळातून बाहेर पडले आणि १९२४ ला एफसी शाल्के ०४ झाले. म्हणजे ०४ हे त्या पोरांनी आधी काढलेल्या टीमचं वर्ष, नाव मिळालं ते वीस वर्षांनी. तुम्ही जो क्लब शोधताय त्यात १९२३-२४ च्या आसपास अचानक नवीन नाव किंवा नवीन क्लब दिसला तर दुसरीकडे शोधत बसू नका, बहुतेक कारण हेच असतं.

१९३३ ते १९४५, जिथे क्रोनिक गप्प बसते

क्लबच्या साइटवर क्रोनिक नावाचं पान असतं, आणि २५, ५०, ७५, १०० वर्षं झाली की फेस्टश्रिफ्ट म्हणजे जुबिली अंक काढतात. दोन्ही जरूर वाचा, पण कुठल्या वर्षांवर किती ओळी आहेत ते आधी मोजा. माझा अनुभव असा की जुन्या जुबिली अंकात १९३२ पर्यंत भरपूर, कुणी कुठला कप जिंकला, झेंडा कुणी शिवला इथपर्यंत, मग "कठीण काळ" असा एखादा पॅरा, आणि मग एकदम १९४६. मधे काय झालं ते आपणच शोधायचं.

काय झालं ते ढोबळ सांगतो म्हणजे कुठे खणायचं ते कळेल. एक, कामगारांच्या क्रीडा संघटना, ज्या १८९३ पासून वेगळ्या उभ्या होत्या आणि ज्यांच्या स्वतःच्या लीग होत्या, त्या १९३३ ला बंद केल्या, मैदानं आणि हॉल जप्त. तुमच्या गावातल्या क्लबकडे १९३३-३४ मध्ये अचानक नवीन मैदान आलेलं दिसलं तर ते आधी कुणाचं होतं हा प्रश्न विचारायचाच. दोन, ज्यू सभासद काढले. एप्रिल १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या क्लबनी मिळून स्टुटगार्टला ठराव केला की आम्ही ज्यूंना क्लबमधून बाहेर काढायला सरकारला साथ देऊ, आणि त्यात नुसते छोटे-मोठे नाही तर बायर्न, न्युर्नबर्ग, स्टुटगार्टर किकर्स, कार्ल्सरुअर एफव्ही ही नावं होती. कुणी जबरदस्ती करायच्या आधीच. कार्ल्सरुअर एफव्हीचा युलिउस हिर्श, जर्मनीकडून ७ मॅच खेळलेला, त्याने ती बातमी पेपरात वाचली आणि क्लबला पत्र लिहून स्वतःच राजीनामा दिला. १९४३ ला त्याला आउशवित्झला पाठवलं, तो परत आला नाही. त्याच्यासोबत खेळलेला गॉटफ्रीड फुक्स, ज्याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एका मॅचमध्ये १० गोल मारले होते, तो देश सोडून गेला म्हणून वाचला. आज जर्मन फुटबॉल संघटना हिर्शच्या नावाने पुरस्कार देते, पण त्याचं नाव कित्येक वर्षं कुठे घेतलं जात नव्हतं.

तीन, क्लब जबरदस्तीने एकत्र केले. बोखुम त्याचं सरळ उदाहरण, १९३८ ला टीव्ही १८४८, टुस ०८ आणि गेर्मानिया ०६ हे तीन क्लब एकत्र करून व्हीएफएल बोखुम झाला आणि वर्ष घेतलं तिघांतलं सगळ्यात जुनं. त्यामुळे १८४८ ला बोखुममध्ये फुटबॉल होता असं लिहू नका कुठे.

या बारा वर्षांसाठी क्लबच्या कागदांवर विसंबून चालत नाही, शहराच्या अर्काइव्हला श्टाटआर्शीव म्हणतात तिथेच जावं लागतं, पण मागच्या काही वर्षांत बऱ्याच क्लबनी स्वतःहून बाहेरचे इतिहासकार बसवून या काळावर काम करून घेतलंय, तसं काही तुमच्या क्लबचं आहे का ते आधी बघा, नसेल तर मग अर्काइव्ह.

१९४५ नंतर सगळं परत पहिल्यापासून

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४५ ला हुकूम काढून जुने क्रीडा क्लब विसर्जित केले. त्यामुळे कागदावर बघितलं तर जवळजवळ प्रत्येक क्लबची एक "पुनर्स्थापना" १९४५ ते ५० मध्ये असते, आणि गावात आधी तीन क्लब होते तिथे आता सगळ्यांचा मिळून एकच, मग काही वर्षांनी ते परत वेगळे होतात. हे मर्जर म्हणून लिहायचं की नाही यावर लोक भांडतात, मी आपलं वेगळ्या रंगाने लिहितो.

क्लब पूर्व जर्मनीतला असेल तर वेगळीच शाळा. तिथे जुनी नावं गेलीच, त्याजागी बीएसजी आले आणि नावावरून धंदा कळायचा, लोकोमोटिव म्हणजे रेल्वे, केमी म्हणजे केमिकल, ट्राक्टोर म्हणजे शेती, व्हिस्मुट म्हणजे युरेनियमच्या खाणी, डिनामो पोलिसांचा, फोरव्हेर्ट्स सैन्याचा. मग १९६५-६६ ला फुटबॉलपुरते वेगळे एफसी काढले, माग्डेबुर्ग त्यातलाच, डिसेंबर १९६५ चा, आणि साडेआठ वर्षांत म्हणजे १९७४ ला रॉटरडॅममध्ये एसी मिलानला २-० हरवून युरोपचा कप विनर्स कप घेऊन आले. १९९० नंतर पुन्हा नावं बदलली, शहराचं नावच बदललं तर क्लबचं काय, कार्ल-मार्क्स-श्टाट एफसी तो केमनिट्झर एफसी झाला. पूर्वेकडच्या क्लबला नावांचा वेगळा कागद लागतो, तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झाड काढा, रांग काढू नका

आता परत उल्मवर. तिथे दोन मुख्य क्लब होते, टीएसजी उल्म १८४६ आणि १. एसएसव्ही उल्म १९२८. पुढे बायर्नचा मोठा खेळाडू आणि अध्यक्ष झालेला उली होनेस उल्मचाच, खाटकाचा मुलगा, तो टीएसजीकडून खेळला आणि १९७० ला बायर्नला गेला. त्याच १९७० ला दोन्ही क्लब एक झाले आणि नाव झालं एसएसव्ही उल्म १८४६, म्हणजे अक्षरं एकाची आणि वर्ष दुसऱ्याचं, मांडवली अगदी. त्यामुळे "होनेस एसएसव्ही उल्म १८४६ मधून बायर्नला गेला" हे वाक्य जिथे तिथे दिसतं ते काटेकोर बघितलं तर बरोबर नाही, पण क्लब त्याला आपला म्हणतो आणि त्याच्यात काही चूक पण नाही.

म्हणून वर्षांची एक सरळ यादी करून भागत नाही. मोठा कागद आडवा घ्या, प्रत्येक मूळ क्लबला एक रेघ, मर्जर झालं की रेघा जोडा, फुटला की फाटा काढा. उल्मच्या झाडाला खाली पण फाटे आहेत आणि ते मला जास्त आवडतात. २००१ ला बास्केटबॉलवाले वेगळे निघाले, आणि त्याच रेघेवरचा बास्केटबॉल संघ २०२३ ला चक्क जर्मन चॅम्पियन झाला. २००९ ला फुटबॉलवाले वेगळे झाले, एसएसव्ही उल्म १८४६ फुसबाल या नावाने. आणि मूळ क्लब? तो आहे तिथेच आहे, ॲथलेटिक्स वगैरे चालू आहे, आर्थर आबेले २०१८ ला बर्लिनमध्ये डेकाथलॉनचा युरोपियन चॅम्पियन झाला तो याच क्लबचा. फक्त फुटबॉलच बघत बसलात तर हे सगळं निसटतं, आणि जर्मन क्लब हा मुळात अनेक खेळांचा असतो, फुटबॉल त्यातला एक विभाग, हे विसरलं की पुढचे पैशाचे लफडे पण कळत नाहीत.

लीगच्या नावांचा सापळा

हा तक्ता एकदा करून भिंतीवर लावा. ओबरलिगा ही १९४५ ते ६३ टॉपची लीग, कारण बुंडेसलिगा सुरूच झाली १९६३ ला, १६ संघांची. मग ओबरलिगा हे नाव १९७० च्या दशकात परत आलं ते तिसऱ्या पायरीवर, १९९४ ला चौथ्या, आणि २००८ पासून पाचव्या. रेगिओनाललिगा १९६३ ते ७४ दुसरी, १९९४ ते २००८ तिसरी, आणि तिसरी लीग म्हणून वेगळी लीग २००८ ला काढल्यावर चौथी. म्हणजे "क्लब ओबरलिगातच राहिला" या वाक्याचा अर्थ तो खाली घसरला असाही होतो, संघ न हरताच. कुठल्याही सीझनसमोर लीगचं नाव आणि त्या वर्षीची पायरी असे दोन्ही लिहा, नुसतं नाव लिहिलं की सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही.

पैसे कुठे संपले ते शोधा

मैदानावरच्या निकालांनी क्लबचा इतिहास निम्माच कळतो. उल्म १९९८ ला राल्फ रांगनिक कोच असताना तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या बुंडेसलिगात आला, आणि तेव्हा रांगनिक साहेबांनी डिसेंबर १९९८ ला टीव्हीवर फळ्यावर चार जणांची सपाट डिफेन्स लाइन समजावून सांगितली, लोकांनी त्यांना प्रोफेसर म्हणून चिडवलं कारण जर्मनी तेव्हा लिबेरो, म्हणजे डिफेन्सच्या मागे मोकळा फिरणारा खेळाडू, सोडायला तयार नव्हती. मार्च १९९९ ला रांगनिक गेले, मार्टिन आंडरमाट आले, आणि लगेच त्याच सीझनला उल्म बुंडेसलिगात. एक वर्ष टिकले. त्या वर्षात घरच्या मैदानावर लेवरकुझेनकडून १-९ असा मार पण खाल्ला, पण तरी १६ वे आले, अगदी तळाला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बुंडेसलिगातून पण खाली, आणि त्यावर लायसन्स नाकारलं, थेट पाचव्या पायरीवर, फेरबांड्सलिगात. बुंडेसलिगा सोडून फक्त एक सीझन झाला होता. त्यानंतर २०११ आणि २०१४ ला परत दिवाळखोरी.

जर्मनीत लायसन्स हा शब्द आला की थांबा. तिथे दर सीझनला संघटना क्लबची हिशोबाची वही तपासते, पैसे नसतील तर टेबलात कितवे आलात याला काही किंमत नाही. म्हणून कुठलाही क्लब एकदम दोन-तीन पायऱ्या खाली गेलेला दिसला तर हरल्याचं कारण शोधू नका, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातले पेपर बघा, मे ते जुलै. उल्मसाठी स्युडवेस्ट प्रेसे हा पेपर. वर यायची गोष्ट मात्र निकालांतच सापडते, २०१८ ला चौथ्या पायरीवरच्या उल्मने आदल्या सीझनला जर्मन कप जिंकलेल्या फ्रँकफुर्टला त्याच कपच्या पहिल्याच राउंडला २-१ ने बाहेर काढलं, २०२३ ला तिसऱ्या लीगमध्ये आले, २०२४ ला ती जिंकून दुसऱ्या बुंडेसलिगात, आणि २०२५ ला परत खाली.

कागद कुठे मिळतात

जर्मन क्लबच्या नावामागे ई.व्ही. असतं, म्हणजे नोंदणीकृत मंडळ, नोंदणीला कमीत कमी ७ सभासद लागतात. ही नोंद स्थानिक कोर्टाच्या फेराइन्सरेगिस्टरमध्ये असते आणि २०२२ च्या ऑगस्टपासून सरकारी रजिस्टर पोर्टलवर फुकट बघता येते, क्लबचं नाव आणि शहर टाकायचं. तिथे नोंदणी, नाव बदलल्याची तारीख, मर्जर, दिवाळखोरी असं कोरडं कोरडं सगळं असतं, पण क्रोनिकपेक्षा जास्त भरवशाचं. एक लक्षात ठेवा, नोंदणीची तारीख म्हणजे स्थापनेची तारीख नव्हे, कित्येक मंडळं आधी वर्षानुवर्षं तशीच चालत होती.

जुने पेपर हवे असतील तर जर्मन डिजिटल लायब्ररीचं पेपरांचं पोर्टल २०२१ पासून चालू आहे, फुकट आहे आणि आतला मजकूर सर्च होतो. सर्च रोमन अक्षरांत करायचा आणि आजचं नाव टाकून काही मिळणार नाही, त्या काळचं नाव टाकायचं, म्हणून तर आधी झाड काढायला सांगितलं. छपाई फ्राक्टुर म्हणजे काटेरी जुन्या टाइपात असते, आठवडाभरात सवय होते. हाताने लिहिलेली इतिवृत्तं असतील तर मात्र कुरेंट लिपी, ती आपल्याला काय, आजच्या जर्मन पोरांना पण येत नाही, फोटो काढून ठेवा आणि कुणा आजोबांना पकडा.

श्टाटआर्शीवला मेल करताना "मला क्लबचा इतिहास हवाय" असं लिहू नका, त्याला उत्तर येतं की येऊन बघा. क्लबचं त्या वेळचं नाव, पाच-सात वर्षांचा टप्पा आणि नेमकं काय हवंय, म्हणजे मैदानाचा करार, सभासदांची यादी, मर्जरची बैठक, एवढं तीन ओळीत लिहा, जर्मनमध्ये लिहिलंत तर बरं, आणि स्कॅनचे पैसे लागतील का ते पहिल्याच मेलमध्ये विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी लागतात.